'विल' : भविष्यकाळ की इच्छा?

पाण्यात पडलेला एक परदेशी माणूस मोडक्यातोडक्या इंग्रजीत ओरडतो, 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!' काठावरचे सभ्य इंग्रज त्याच्या इच्छेचा मान राखतात आणि त्याला बुडू देतात. इंग्रजी व्याकरणाच्या वर्गात पूर्वी सांगितला जाणारा हा विनोद. त्या बिचाऱ्याला म्हणायचे होते, 'मी बुडेन, मला कोणीच वाचवणार नाही!' काठावरच्यांनी ऐकले ते असे : 'मी बुडणारच, खबरदार कोणी वाचवाल तर!'

एका शब्दाने एवढा घोटाळा का व्हावा? कारण 'विल' हा मुळात भविष्यकाळाचा शब्दच नव्हे. प्राचीन इंग्रजीत 'विलन' म्हणजे इच्छिणे आणि 'विला' म्हणजे इच्छा. जे करावेसे वाटते ते पुढे केले जाते, या साध्या अनुभवातून इच्छेचा शब्द हळूहळू भविष्याच्या कामाला जुंपला गेला. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृतातील 'वृ' म्हणजे निवडणे या धातूशी जोडतात. 'वर', 'वरणे', 'स्वयंवर' हे आपले शब्द त्याच धातूचे. इंग्लंडच्या चर्चमधील विवाहविधीत 'हिचा पत्नी म्हणून स्वीकार करशील का?' या प्रश्नाला वर 'आय विल' असे उत्तर देतो. ते भाकीत नसते, ती संमती असते.

'शॅल' आणि 'विल' यांची वाटणी नियमाने बांधण्याचे श्रेय, किंवा दोष, जॉन वॉलिस या गणितज्ञाकडे जातो. १६५३ साली त्याने लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात प्रथम पुरुषी साध्या भविष्यासाठी 'शॅल' आणि निर्धारासाठी 'विल', तर इतर पुरुषांत याच्या उलट, असा दंडक घातला. १९०६ मध्ये फाउलर बंधूंनी याच विषयावर पानेच्या पाने खर्ची घातली. बोलणाऱ्यांनी मात्र हा दंडक कधीच मनावर घेतला नाही. आता 'शॅल' उरला आहे तो मुख्यत्वे कायद्याच्या भाषेत आणि 'शॅल वी गो?' अशा विचारणेत.

मराठी विद्यार्थ्याची अडचण वेगळी आहे. 'विल' म्हणजे भविष्यकाळ हे समीकरण त्याच्या मनात शाळेतच इतके पक्के होते, की त्याखालची इच्छा त्याला दिसेनाशी होते. 'द कार वोंट स्टार्ट' याचे भाषांतर मग 'गाडी सुरू होणार नाही' असे होते. वास्तविक गाडी आत्ता, या क्षणी, सुरू होत नाही आहे. जणू तिने हट्टच धरला आहे! 'ही वोंट साइन' या वाक्यातही बहुतेक वेळा उद्याची बातमी नसते, आजचा नकार असतो. माणूस सही करायला तयार नाही. कार्यालयीन पत्रव्यवहारात हा फरक महागात पडू शकतो. (या 'वोंट'मधला 'ओ' आला तो 'विल'च्या 'वोल' या जुन्या रूपातून.)

'इफ'नंतर 'विल' नको, हा नियमही सर्वांना पाठ असतो. 'पाऊस पडला तर' म्हणताना 'इफ इट विल रेन' हे चूकच. पण 'इफ यू विल वेट हिअर' हे शुद्ध इंग्रजी आहे, कारण तेथे 'आपण थांबायला तयार असाल तर' अशी विनंती आहे. पावसाला इच्छा नसते, पाहुण्याला असते.

गंमत अशी की, 'विल'च्या काही छटा मराठी माणसाला शिकवाव्याच लागत नाहीत. दारावरची घंटा वाजली की इंग्रज म्हणतो, 'दॅट विल बी द पोस्टमन'. आपणही 'पोस्टमन असेल' असेच म्हणतो. भविष्याचे रूप, पण अंदाज वर्तमानाचा. 'दार लावशील का?' या प्रश्नातही भविष्याचे रूप विनंतीच्याच कामी येते. आणि 'बॉइज विल बी बॉइज'मधला सवयीचा अर्थ 'मुलं ती मुलंच' एवढ्यात भागतो, क्रियापदाचीही गरज पडत नाही.

नामात मात्र मूळची इच्छा उघडपणे टिकून आहे. 'विल पॉवर' म्हणजे इच्छाशक्ती, 'गुडविल' म्हणजे सद्भावना आणि व्यापारात दुकानाची पत. 'विल' या दस्तऐवजाला मराठीत मृत्युपत्र म्हणण्याचा प्रघात आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातील व्याख्येचा भर मात्र मृत्यूपेक्षा हेतूवर आहे : आपल्या मृत्यूनंतर मालमत्तेची व्यवस्था कशी व्हावी, याविषयीच्या मनोदयाची कायदेशीर घोषणा. 'मृत्युपत्र' हा शब्द कानाला अशुभ वाटतो. तो टाळता टाळता कागदच करायचा राहून गेला आणि मागे भावंडांत दावे लागले, हे चित्र काही अनोळखी नाही. 'इच्छापत्र' हा शब्द मुळाशी अधिक प्रामाणिक आहे आणि अलीकडे तो रुळूही लागला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी 'लिव्हिंग विल'ला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. त्यात घर, दागिने, ठेवी यांचा उल्लेख नसतो. उपचारांचा उपयोग उरला नाही आणि स्वतः बोलता येईनासे झाले, तर कृत्रिम उपायांनी आयुष्य लांबवावे की नाही, एवढेच माणूस त्यात शुद्धीवर असताना सांगून ठेवतो. हा कागद अमलात येतो तेव्हा तो करणारा जिवंत असतो. त्याला मृत्युपत्र म्हणण्याची सोयच नाही.