खेकड्यांची हजेरी

पहाटे ५. कसबा बावड्यात रात्रभर पाऊस लागलाय. नदीवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय. पाणी ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे आकडे इथं शाळकरी पोरांनाही पाठ. चहा घेऊन संगणक लावते.

समोर लक्षद्वीपच्या प्रवाळांचे फोटो. पाणबुडे मित्र हिवाळ्यात काढून आणतात, पावसाळ्यात मी ते तपासते. पोसिलोपोरा या फांदीदार प्रवाळाच्या बेचक्यांत ट्रॅपिझिया खेकडे शोधायचे. नखाएवढा जीव, मोठ्या झालेल्या खेकड्यांची बहुधा एका वसाहतीत एकच जोडी.

सकाळी ७. एका फोटोत दोघं शेजारी सापडले. प्रवाळाच्या अंगावरचा चिकट द्रव हे त्यांचं अन्न. प्रवाळ त्यांच्यासाठी स्पर्शकांच्या टोकांना चरबीचे कणही धरतं. प्रवाळ खाणारा काटेरी तारामासा वर चढू लागला, की ही जोडी नांग्यांनी त्याचे पाय चिमटून त्याला हुसकावते. पण मला मोठं वाटतं ते त्यांचं दुसरं काम : फांद्यांवर बसलेला गाळ काढणं. मूरिया बेटाजवळचा एक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. खेकडे काढून घेतलेल्या प्रवाळांपैकी ४५ ते ८० टक्के महिन्याच्या आत मेली. खेकडे असलेली सगळी जगली. २०१९ च्या पुरानंतर घरातला गाळ उपसलेल्या बावडेकराला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

१०. कॉलेज, सलग तास.

दुपारी १. डबा खाताना एक विद्यार्थी विचारतो, "मॅडम, आपल्याकडं प्रवाळ कुठं बघायला मिळंल?"

"मालवणला जा. १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पण तुकडासुद्धा उचलायचा नाही बरं का, कायद्यानं गुन्हा आहे."

४. पुन्हा फोटो. पोरायटिस प्रवाळाच्या दगडी गोळ्यावर ख्रिसमस ट्री अळीचे सर्पिल पिसारे, निळे-पिवळे. अळी लहानपणीच जिवंत प्रवाळावर बसते आणि प्रवाळ तिच्या नळीभोवती वाढत राहतं. काही अळ्या चाळीस वर्षांहून अधिक जगतात.

रात्री ९. आता पांढऱ्या पडलेल्या वसाहती. पाणी तापलं, की प्रवाळातली शेवाळं निघून जातात, प्रवाळ उपाशी पडतं आणि खेकड्यांचं अन्नही आटतं. असे फोटो बाजूला टाकू नयेत, असं मी मित्रांना बजावून ठेवलंय. मोठा करून बेचकं न बेचकं पाहते. खेकडा नाही. रकान्यात शून्य लिहिते आणि पुढचा उघडते.