तहात दिलेली राणी

मुंबईजवळ गोराईला २००९ मध्ये खुला झालेला सोनेरी पॅगोडा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. म्यानमारमधल्या यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्याच्या धर्तीवर तो बांधला आहे. मूळ श्वेडगॉनला सोन्याने मढवण्याची प्रथा जिच्यापासून सुरू झाली असे सांगतात, त्या राणीची ही गोष्ट. तिचे नाव शिन सॉबू.

पंधराव्या शतकाच्या आरंभी ब्रह्मदेशात दोन राज्ये एकमेकांशी झुंजत होती. उत्तरेला बर्मी लोकांचे आवा आणि दक्षिणेला मोन लोकांचे हंथावडी. हे नाव म्हणजे आपले ‘हंसावती’च! तिथला राजा राजाधिराज १४२१ मध्ये वारला आणि त्याच्या मुलांत गादीवरून भांडण जुंपले. आवाचा राजा थिहथू सैन्य घेऊन दक्षिणेत उतरला. १४२३ मध्ये तह झाला आणि बिन्या रान या भावाने आपली बहीण थिहथूला देऊन टाकली. शिन सॉबू तेव्हा २९ वर्षांची होती, विधवा होती, तीन मुलांची आई होती.

थिहथूची तिच्यावर मर्जी बसली. तेच दुसऱ्या राणीला, शिन बो-मेला, खुपले. तिने कट रचला आणि १४२५ मध्ये राजा मारला गेला, असे बखरी सांगतात. परक्या दरबारात शिन सॉबू पुन्हा एकटी पडली. अखेर १४३० च्या सुमारास दोन मोन भिक्षूंच्या मदतीने ती निसटली आणि माहेरी, पेगूला पोहोचली.

पुढे राजकुळातले पुरुष आपसांतल्या कत्तलींत संपले. १४५४ मध्ये गादी आली ती शिन सॉबूकडे. तेव्हा तिने साठी गाठली होती. ब्रह्मदेशातल्या मोठ्या राज्यावर स्वतःच्या हक्काने राज्य करणारी ती एकमेव स्त्री मानली जाते. तिच्या कारकिर्दीत राज्याला शांतता लाभली. सुटकेत साथ देणाऱ्या धम्मजेदी या भिक्षूला चीवर उतरवायला लावून तिने जावई केले आणि वारसही नेमले.

स्वतःच्या वजनाइतके, सुमारे ४० किलो, सोने तिने श्वेडगॉनला वाहिले. १४७१ मध्ये ती वारली. शेवटच्या दिवसांत पॅगोडा दिसेल अशा जागी तिने आपला पलंग ठेवायला लावला होता, असे सांगतात. भावाने ठरवलेल्या जागी एकदा तिला जावे लागले होते. ही शेवटची जागा मात्र तिने स्वतः निवडली.