गुडघ्याचा एक आकडा, आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा?

आमच्या कणकवलीत लावणी आटोपली की घराघरांत गुडघ्यांची तक्रार सुरू होते. मालवणीत गुडघा म्हणजे ढोपार. मागच्या सुट्टीत काकीने मला विचारलं, "काय गो, एक्स-रेत कायएक नाय म्हणतत. मगे ढोपार दुखता कित्याक? तुझ्या मशिनीत दिसात काय?"

मी एमआरआयवरच पीएचडी करतेय. म्हणजे उत्तर सोपं असायला हवं होतं. ते नव्हतं. का नव्हतं, हे समजून घेतलंत तर मोजमापावर उभ्या असलेल्या कुठल्याही संशोधनात तुम्हाला उपयोगी पडेल.

आधी एक्स-रेचं बघू. एक्स-रेत हाड दिसतं. हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, म्हणजे कूर्चा, त्यात दिसत नाही. दोन हाडांमधली मोकळी जागा बघून कूर्चा किती उरली असेल याचा अंदाज बांधतात. "गॅप कमी झालाय" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच, ते इथूनच आलं. झिजेला ० ते ४ अशी श्रेणी देण्याची केलग्रेन आणि लॉरेन्स यांची पद्धत १९५७ सालची आहे आणि ती आजही वापरात आहे. पण गॅप कमी दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्यातून कूर्चेला ना रक्तवाहिन्या ना चेतातंतू. सुरुवातीचे बदल ती मुकाट सोसते. दुखतं ते बहुतेकदा खालचं हाड किंवा सांध्याचं अस्तर. म्हणून "एक्स-रे साफ आहे" याचा अर्थ "काही झालेलं नाही" असा होत नाही.

लवकर कळून फायदा काय? ही झीज थांबवेल असं सिद्ध झालेलं औषध आज नाही. व्यायामाने मांडीचे स्नायू बळकट करणं आणि वजन आटोक्यात ठेवणं, एवढंच खात्रीने सांगता येतं. नवं औषध तपासायचं तर त्याचा परिणाम वर्ष-दोन वर्षांत मोजता आला पाहिजे. गॅप कमी होण्याची वाट बघत बसलो तर चाचणी कित्येक वर्षं चालेल.

इथे परिमाणात्मक एमआरआय येतो. नेहमीच्या एमआरआयमध्ये आपण चित्र बघतो: काळं, पांढरं, करडं. परिमाणात्मक एमआरआयमध्ये चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा मिळतो.

कूर्चेत साधारण ६५ ते ८० टक्के पाणी असतं. कोलॅजनच्या धाग्यांचं जाळं आणि ऋणभारित प्रोटिओग्लायकन ते पाणी धरून ठेवतात. एमआरआयचा सिग्नल पाण्यातल्या हायड्रोजनकडून येतो आणि काही मिलिसेकंदांत विरतो. किती वेगाने विरतो, हे सांगणारा काळ म्हणजे टी-२. जाळं घट्ट असेल तर पाण्याला मोकळीक कमी, सिग्नल लवकर विरतो, टी-२ लहान. जाळं विस्कटलं, पाणी वाढलं, मोकळं झालं की टी-२ वाढतो. कूर्चेची जाडी कमी व्हायच्या आधीच हे घडू शकतं. टी-१-रो नावाचं दुसरं मापन प्रोटिओग्लायकन कमी होण्याला जास्त संवेदनशील मानतात, पण तेही फक्त त्याच एका गोष्टीवर अवलंबून नसतं.

इथपर्यंत सगळं छान वाटतं. आता खरी मेख.

समजा, एका बाईंच्या गुडघ्याचा टी-२ गेल्या वर्षी ३५ मिलिसेकंद होता, यंदा ३८ आला. कूर्चा बिघडली का? घाईने "हो" म्हणू नका. हा आकडा इतर कारणांनीही हलतो. बाई एसटी स्टँडवरून चालत आल्या असतील तर वजनाच्या दाबाने कूर्चेतलं पाणी थोडं सरकलेलं असतं, म्हणून स्कॅनआधी विश्रांती द्यावी लागते. कोलॅजनचे धागे मुख्य चुंबकीय क्षेत्राशी सुमारे ५५ अंशांचा कोन करत असतील तर निरोगी कूर्चेतही टी-२ वाढलेला दिसतो. मांडीच्या हाडाचं टोक गोलाकार असल्यामुळे असा भाग कुठेतरी सापडतोच. कूर्चा दोन-चार मिलिमीटर जाड. तिची कड आखताना एक ठिपका इकडेतिकडे झाला की शेजारचं पाणी हिशेबात घुसतं. सिग्नलच्या वक्रातून टी-२ काढताना पहिला बिंदू धरला की वगळला, यानेही उत्तर बदलतं.

मग किती बदल खरा मानायचा? रेडिओलॉजीतल्या मोजमापांचं प्रमाणीकरण करणाऱ्या 'क्यूआयबीए' या आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ मध्ये गुडघ्याच्या कूर्चेसाठी यावर दस्तऐवज प्रसिद्ध केला. ३ टेस्लाच्या मशिनवर, ठरवून दिलेली काळजी घेऊनही, एकाच व्यक्तीच्या मोजमापात ४ ते ५ टक्के चढउतार होतोच. त्यामुळे ९५ टक्के खात्रीने "बदल झाला" म्हणायला किमान १४ टक्के फरक हवा. आपल्या उदाहरणात ३५ चे ३८, म्हणजे साधारण साडेआठ टक्के. निदान या एका आकड्यावरून काहीच ठरत नाही. ४० आला असता तर गोष्ट वेगळी.

मग हे सगळं फुकट का? अजिबात नाही. शंभर गुडघ्यांची सरासरी घेतली की असे यादृच्छिक चढउतार बरेचसे एकमेकांना खोडतात आणि लहान बदलही दिसू लागतो. गट पारखायला चांगलं असलेलं माप एका माणसाचं भविष्य सांगायला पुरेसं असेलच असं नाही. प्रबंध वाचताना हे दोन दावे वेगळे करायची सवय आत्ताच लावून घ्या.

सरावाला सामग्रीही आहे. अमेरिकेच्या 'ऑस्टिओआर्थरायटिस इनिशिएटिव्ह'मध्ये ४५ ते ७९ वयाच्या ४,७९६ जणांची नोंदणी २००४ पासून झाली. त्यांचे एक्स-रे आणि एमआरआय संशोधकांना उपलब्ध आहेत. टी-२ साठी १० ते ७० मिलिसेकंदांवर घेतलेल्या सात प्रतिमाही त्यात मिळतात. पहिली प्रतिमा धरून आणि वगळून टी-२ काढून बघा. वर काय म्हटलं ते स्वतःच्या हाताने कळेल.

पण ते गुडघे अमेरिकेतले. तरवा काढणाऱ्या, विळीवर बसून मासे कापणाऱ्या बायकांच्या गुडघ्यांना तेच मापदंड जसेच्या तसे लावायचे का? आपल्याकडे १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली होती. कॉपकॉर्ड नावाच्या त्या पद्धतीत सुरुवात मशिनपासून होत नाही, "दुखतं का, कुठे?" या प्रश्नापासून होते. त्या प्रश्नाला टी-२ ची जोड द्यायची, तर ते काम तुमच्या पिढीचं आहे.

काकीला मी शेवटी सांगितलं: दिसेल, पण त्या एका आकड्यावरून पुढे काय होईल ते मला सांगता येणार नाही. दुखतं ते मात्र खरं आहे, एक्स-रे काहीही म्हणो. ती म्हणाली, "इतक्या तरी कोण सांगता?"