भुकेला कोंडा

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ या म्हणीने कोंड्याला थेट धोंड्याच्या पंक्तीला बसवले. आज तोच कोंडा प्रयोगशाळेत मानाने तपासला जातो आहे.

भाताचे तूस काढले की सालीसकट तांदूळ उरतो. ती पातळ साल म्हणजेच कोंडा. तांदळाचा रंग असतो तो या सालीत. आतला दाणा पांढराच. मणिपूरच्या काळ्या ‘चाखाओ’च्या सालीत अँथोसायनिन असते. पिकल्या जांभळाचा रंग असतो तोही त्याचाच. लाल तांदळात त्याचेच तुरट भाऊबंद, प्रोअँथोसायनिडिन. शरीरात सतत तयार होणारे काही उपद्रवी रेणू पेशींना इजा करतात. त्यांना आवर घालू शकणारी ही द्रव्ये म्हणजे अँटिऑक्सिडंट. आपला पांढरा आंबेमोहर किंवा आजऱ्याचा घनसाळही याबाबतीत कफल्लक नाही. त्यांच्या कोंड्यात ओरायझेनॉल, ई जीवनसत्त्व आणि फेरुलिक आम्ल असते. रंगीत तांदूळ या कसोटीत साधारणपणे पुढे असतो, एवढेच.

गंमत म्हणजे तांदळाचा रानटी पूर्वज लालच होता. बहुतेक पांढऱ्या जातींत रंगाच्या एका जनुकातली १४ अक्षरे गळालेली आहेत, हे २००६ मध्ये उघड झाले. माणसाला तो पांढरा दाणा आवडला आणि त्याने तो जपला. पुढे गिरणी आली. पॉलिश करताना वजनाचा साधारण ८ ते १० टक्के भाग कोंडा म्हणून जातो आणि वर सांगितलेली बरीचशी दौलतही त्याच्याबरोबर जाते. मग आपण दुकानातून त्याच कोंड्याचे तेल ‘ओरायझेनॉलयुक्त’ म्हणून विकत आणतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर आपलीच ठेव आपण कर्जाऊ घेतो!

मी कोकणातल्या शाखेत असताना पीककर्जाच्या अर्जावर नुसते ‘भात’ लिहिले जाई. जातीला रकानाच नव्हता. सिंधुदुर्गातला लाल वालय काय किंवा गोव्याच्या खाजणात खारे पाणी सोसणारा कोरगुट काय, कागदावर सारे सारखेच. घरातही तीच तऱ्हा होती. लाल तांदळाची पेज घरच्यांना, पांढरा भात पाहुण्यांना. ज्याला ना हिशेबात जागा ना पंगतीत मान, त्याचे बियाणे कोण राखणार?

मात्र लाल तांदूळ म्हणजे औषध नव्हे. परीक्षानळीतला गुण जसाच्या तसा अंगी लागत नाही. अँथोसायनिन तर फार थोडे रक्तात उतरते. शिवाय भात शेवटी पिष्टमयच. मधुमेह असलेल्यांनी तो मोजूनच खावा.

तेव्हा तांदूळ घेताना दाणा हातावर घेऊन पाहा. लालीच्या नुसत्या रेघा उरल्या असतील तर तो बराच सडलेला आहे. सालीसकट तांदूळ थोडाथोडाच आणा, कारण कोंड्यातल्या तेलामुळे तो लवकर खवट होतो. आणि पुढच्या वेळी पाहुणे आले की त्यांनाही लाल भातच वाढा. गिऱ्हाईक टिकले तरच शेतकरी बियाणे टिकवील.