दोन रखवालदार

नवीन पनवेलच्या ऑफिसातला सर्व्हर परवा बदलला, तेव्हा फायरवॉलच्या नियमांची जुनी फाइल शेवटची उघडली. न्हावाशेव्याच्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या क्लिअरिंग एजंटचं हे ऑफिस. त्यांचं नेटवर्क मी बरीच वर्षं सांभाळतोय.

लिनक्समधली फायरवॉलची साधनं काही पहिल्यांदा बदलली नाहीत. 1999 मध्ये आयपीचेन्स आलं, दोनच वर्षांत कर्नल 2.4 बरोबर आयपीटेबल्स. दोन्हींमागे रस्टी रसेल. 2014 च्या जानेवारीत एनएफटेबल्स कर्नलमध्ये आलं, पण ते माझ्या दारात उभं राहिलं 2019 च्या डेबियन 10 या लिनक्स आवृत्तीमुळे.

आयपीटेबल्समध्ये प्रोग्रॅमसाठी सरळ वाट नव्हतीच. सगळे करायचे तेच मीही केलं: माणसाने वाचायला छापलेली यादी स्क्रिप्टने कापायची, नियमाचा क्रमांक शोधायचा, तो नियम काढायचा. तेवढ्यात दुसऱ्या स्क्रिप्टने वर एखादा नियम घुसवला की क्रमांक सरकायचे आणि भलताच नियम उडायचा. हे वर्षानुवर्षं चाललं, म्हणजे बहुतेक वेळा चाललं.

डेबियन 10 मध्ये कमांडचं नाव तेच राहिलं, आतलं यंत्र बदललं. अपग्रेडनंतर एका शाखेचे कॉम्प्युटर जोडले जाईनात. यादी पाहिली तर परवानगी जागच्या जागी! दोन रात्री गेल्या. बॅकअपच्या एका प्रोग्रॅमने स्वतःबरोबर जुनं आयपीटेबल्स आणलं होतं आणि ते जुन्या तक्त्यांत नियम भरत होतं. कर्नल जुने आणि नवे दोन्ही तक्ते पाळतो. सोसायटीच्या एकाच गेटवर दोन रखवालदार, दोघांची वही वेगळी. एकाने सोडलं तरी दुसरा अडवणार. जुने तक्ते शिल्लक असल्याची सूचना नवी कमांड देत होती, पण ती ओळ माझीच स्क्रिप्ट गाळून टाकायची.

जुन्या नियमांचं एनएफटेबल्समध्ये भाषांतर करणारी कमांड मिळते. तिने काम चोख केलं, अगदी शब्दाला शब्द: पत्त्यांच्या साठ ओळींच्या साठच ओळी. एनएफटेबल्समध्ये तेवढ्यासाठी एक संच पुरतो. शेवटी हातानेच सगळं नव्याने लिहिलं. आता यादी प्रोग्रॅमला सरळ वाचता येणाऱ्या जेसनमध्ये मिळते, कापाकापी नाही. आणि फाइल चढते ती पूर्ण चढते, एक ओळ चुकली तर काहीच बदलत नाही. झोप लागते ती या दुसऱ्या गुणामुळे.

एक ओळ मात्र अडली. शाखांमधलं पोर्ट 445 बंद, का ते लिहिलेलं नाही. टिपण लिहायची सोय आयपीटेबल्समध्येही होती, आळस माझा. ऑफिसात कुणालाच आठवेना. जुने बॅकअप चाळले तेव्हा ती ओळ प्रथम दिसली 28 जून 2017 च्या फाइलमध्ये. आदल्या दिवशी नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं होतं आणि जेएनपीटीतलं, म्हणजे न्हावाशेव्याच्या बंदरातलं, त्यांच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं होतं. तो व्हायरस ज्या वाटांनी पसरला, त्यांतली एक 445.

ओळ ठेवली. शेजारी तारीख लिहिली.