आवक क्रमांक घेऊन ये

जूनमध्ये मी अभ्यासकेंद्राचं काम सोडलं. शेवटच्या रविवारी एक मुलगा आला. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरच्या तीन कोर्सची क्रेडिट त्याच्या खात्यात जमा होती, एम.ए.ला ती धरतील का, एवढंच त्याला हवं होतं. दोन विद्यापीठांना त्याने ई-मेल केले होते. एकाचं उत्तरच नाही, दुसऱ्याचं आलं : ‘प्रत्यक्ष येऊन भेटा.’ असंच टोलवणारं उत्तर मी वीस वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या खिडकीवर ऐकलं होतं. फार लागलं.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं. त्याच्याच अभ्यासकेंद्रावरची माझी पहिली वर्षं पुस्तकांचे गठ्ठे सोडण्यात आणि फॉर्म तपासण्यात गेली. खरे दिवस त्यानंतरचे, १९९८ ते २००८.

रविवारी सकाळी वर्गात एसटीचे वाहक, पोलीस शिपाई, अंगणवाडीच्या ताई असायच्या. बारावी न झालेले कितीतरी जण पूर्वतयारीची परीक्षा देऊन बी.ए.ला आलेले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद त्यांच्या घरी खरोखर पोचलं होतं. अडचण पदवी हातात आल्यावर सुरू व्हायची.

२००३ साली एका अंगणवाडी ताईंबरोबर मी एका विद्यापीठाच्या पात्रता विभागात गेलो. त्यांना मराठीत एम.ए. करायचं होतं. घडी घालून घालून गुणपत्रिका मधोमध फाटत आलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. खिडकीतल्या गृहस्थांनी ती उलटी करून पाहिली. “मुक्तचं आहे का? समकक्षतेचं पत्र आणा.” ते पत्र आलं तेव्हा प्रवेशाची मुदत उलटून गेली होती. “पुढच्या वर्षी या,” असं सांगितलं गेलं. ताई पुन्हा आल्या नाहीत.

मे २००४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचं पत्रक निघालं : मुक्त विद्यापीठांच्या पदव्या पारंपरिक विद्यापीठांच्या पदव्यांशी समकक्ष धराव्यात. मी त्याच्या पन्नास झेरॉक्स काढल्या आणि पदवी घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक दिली. तरी खिडकीवर ऐकायला मिळायचंच, “हे आमच्याकडे आलेलं नाही.” रविवारी आमच्याकडे मानधन घेऊन शिकवणारे काही प्राध्यापक सोमवारी प्रवेश समितीत बसून याच विद्यार्थ्यांच्या पदवीवर शंका काढत. तो राग अजून गेलेला नाही.

आता नियम उदार झाले आहेत. २०१६ साली एका सत्रातल्या कोर्सपैकी वीस टक्क्यांपर्यंत ‘स्वयम्’च्या क्रेडिटना वाट मिळाली, २०२१ साली ती मर्यादा चाळीस टक्के झाली. त्याच वर्षी अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. जमा करायची सोय झाली. वटवायची वेळ आली की निर्णय पुन्हा समोरच्या विद्यापीठाच्या हातात. ही क्रेडिट फार तर सात वर्षं टिकतात, म्हणजे ताटकळण्यात त्यांचं आयुष्यही सरतं. रविवारचे ते भरलेले वर्ग आता ओस पडलेत, खिडकी मात्र जागेवर आहे.

कोणती क्रेडिट धरणार, किती धरणार, हे प्रत्येक विद्यापीठाने प्रवेश अर्जाबरोबरच छापलं पाहिजे. विचारणाऱ्याला मुदतीच्या आत लेखी उत्तर मिळणं हा त्याचा हक्क आहे.

त्या मुलाला मी समोर बसवून अर्ज लिहून घेतला. प्रत्येक कोर्सचा अभ्यासक्रम, तास, क्रेडिट, गुण, सगळं जोडलं. निघताना त्याला बजावलं, “तोंडी ‘हो’वर विसंबू नकोस. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस.” ताईंच्या वेळी हे मला सुचलं नव्हतं.