मोठा कुत्रा आणि दोन बटाटे

गेल्या उन्हाळ्यात नागपूरला शिक्षकांच्या एका शिबिरात चहाच्या सुट्टीत एक बाई आमच्याकडे आल्या. त्यांच्या नववीतल्या एका मुलीच्या घरी वाद चालला होता. वडिलांना सेंट बर्नार्ड जातीचं पिल्लू आणायचं होतं. आजीचं म्हणणं, ‘इथल्या उन्हाळ्यात ते जगायचं नाही.’ वडील म्हणत, ‘कूलर आहे की घरात!’ मुलीने वर्गात विचारलं, ‘बाई, विज्ञानाच्या दृष्टीने कोणाचं बरोबर?’ बाईंनी तो प्रश्न आमच्यापुढे ठेवला.

आम्ही तिथल्या तिथे उत्तर देऊन मोकळे झालो, ‘उन्हाळ्यात अंगावरचे केस कापले की झालं.’ घरी आल्यावर वाचायला लागलो, ओळखीच्या पशुवैद्यांशी बोललो, तेव्हा कळलं की आमचं उत्तर घाईचं होतं. केस हा प्रश्नाचा एक छोटा भाग. मुख्य प्रश्न होता आकाराचा. मोठा कुत्रा म्हणजे लहान कुत्र्याची नुसती मोठी प्रत नसते. आकार वाढला की शरीर थंड ठेवणं, हाडांवरचा भार, वाढ, आयुष्य असं सगळंच बदलतं. म्हणून मोठी जात निवडताना काय काय पाहावं, ते जरा सविस्तर पाहू.

एकच प्राणी, इतके आकार

दोन-अडीच किलोचा चिवावा आणि ६०-७० किलोचा ग्रेट डेन हे एकाच जातिकुळीतले प्राणी आहेत यावर पटकन विश्वास बसत नाही. पण दोघेही लांडग्यापासून आलेले कुत्रेच. जमिनीवर राहणाऱ्या सस्तन प्राण्यांत आकाराचा एवढा फरक दुसऱ्या कुठल्याही प्राण्यात सापडत नाही. २००७ साली संशोधकांना असं आढळलं, की या फरकाचा मोठा वाटा आयजीएफ-१ या वाढीशी संबंधित जनुकाच्या लहानशा बदलाकडे जातो. कुत्रा लहान ठेवणारा बदल काही हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी घडवला असावा, असा तेव्हा अनेकांचा समज होता. पण २०२२ मध्ये दिसून आलं, की तो ५० हजार वर्षांहून जुन्या लांडग्यातही होता. माणसाने जे होतं त्यातून निवड केली, आणि गेल्या दोनशे वर्षांत ती फार झपाट्याने केली.

सेंट बर्नार्डचंच पाहा. आल्प्स पर्वतातल्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, सुमारे २,४७० मीटर उंचीवर, मठातले साधू बर्फात अडकलेल्या वाटसरूंना वाचवण्यासाठी कुत्रे पाळत. त्यांतला बॅरी नावाचा कुत्रा (१८०० ते १८१४) इतका प्रसिद्ध झाला की त्याचं शरीर बर्नच्या संग्रहालयात जतन करून ठेवलं आहे. हे जुने कुत्रे आजच्यापेक्षा बरेच लहान आणि आखूड केसांचे होते. १८३० नंतर न्यूफाउंडलंड जातीशी संकर झाल्यावर काही पिल्लांचे केस लांब झाले, त्यात बर्फ अडकू लागला आणि ती पिल्लं त्या कामाला निरुपयोगी ठरली. लोकांना मात्र तीच आवडली! आज घरोघरी दिसतो तो भारदस्त, केसाळ कुत्रा कामासाठी कमी आणि हौसेसाठी जास्त घडवलेला आहे.

बटाट्यांचा प्रयोग

आता एक सोपा प्रयोग. लिंबाएवढा एक आणि मुठीपेक्षा मोठा एक असे दोन बटाटे एकाच भांड्यात उकडा. दोन्ही मध्यापर्यंत शिजू द्या. मग ताटलीत काढून ठेवा आणि वीस मिनिटांनी प्रयोगशाळेतला तापमापक दोन्हींच्या मधोमध खुपसून पाहा. लहान बटाटा बराच निवलेला असेल. मोठा आतून चांगलाच गरम असेल.

असं का होतं? १ सेंमी बाजूच्या घनाचं पृष्ठफळ ६ चौ. सेंमी आणि घनफळ १ घन सेंमी. बाजू २ सेंमी केली की पृष्ठफळ २४ होतं, घनफळ मात्र ८. म्हणजे प्रत्येक घन सेंमीच्या वाट्याला आधी ६ चौ. सेंमी पृष्ठभाग होता, आता फक्त ३. उष्णता साठते ती सगळ्या शरीरात, बाहेर जाते ती पृष्ठभागातून.

हाच हिशोब कुत्र्यांना लावू. आपला गावठी कुत्रा १६ किलोचा धरू आणि सेंट बर्नार्ड ६४ किलोचा. वजन चौपट, पण पृष्ठभाग सुमारे अडीचपट. दर किलोमागे त्याच्याकडे जवळपास ३७ टक्के कमी कातडी आहे. हे खरं, की मोठा प्राणी दर किलोमागे उष्णताही थोडी कमी निर्माण करतो, त्यामुळे सावलीत निवांत पडलेला असताना फारसं बिघडत नाही. पण खेळून, जिने चढून, उन्हात फिरून एकदा अंग तापलं की ते निवायला मोठ्या बटाट्यासारखाच वेळ लागतो. ब्रिटनमधल्या नऊ लाखांवर कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५० किलो आणि त्यावरील कुत्र्यांना उष्माघात होण्याची शक्यता १० किलोच्या आतल्या कुत्र्यांच्या तिपटीहून जास्त दिसली. आणि हे ब्रिटनमध्ये!

जिभेचा कूलर

माणसाला अंगभर घाम येतो. कुत्र्याच्या घामग्रंथी असतात पंजांच्या गाद्यांत, आणि त्यांचा उपयोग नाममात्र. कुत्रा अंग थंड करतो तो धापा टाकून. जीभ, तोंड आणि श्वासमार्ग यांतल्या ओलाव्याची वाफ होते. शरीराच्या तापमानाला १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना ५५० हून अधिक कॅलरी उष्णता शोषली जाते. कूलरच्या ओल्या ताट्यांचं तत्त्वही हेच.

कुत्र्याच्या शरीराचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियस असतं. नागपूरची हवा मे महिन्यात ४५ अंशांवर जाते. हवाच शरीरापेक्षा गरम असेल तर ती उलट शरीराला उष्णता देते. अशा वेळी एकच वाट उरते, ती बाष्पीभवनाची. कोरड्या हवेत जीभ काम करते, कूलरही करतो. पण पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की कूलर नुसती चिकचिक करतो हे विदर्भातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जिभेचंही तसंच होतं. मुंबई-कोकणात तर हा त्रास वर्षातले कितीतरी महिने. शरीराचं तापमान ४१ अंशांच्या वर गेलं की मेंदू, मूत्रपिंड अशा इंद्रियांना इजा होऊ लागते.

म्हणजे वडिलांचा कूलर अगदीच चुकीचा नव्हता. पण दुपारी वीज गेली, घरात कोणी नसलं, तर काय? आणि आमच्या केस कापण्याच्या सल्ल्याचं काय? अंगालगतची मऊ लोकर विंचरून काढणं उपयोगी असतं. सगळे केस सफाचट केले तर मात्र कातडी उन्हाने भाजू शकते.

वाढीची घाई

ग्रेट डेनचं पिल्लू जन्मतः अर्धा-पाऊण किलोचं असतं आणि साधारण दीड वर्षात ५०-६० किलोचं होतं, म्हणजे जवळजवळ शंभरपट. आपलं मूल तीन किलोवरून साठ किलोवर, म्हणजे वीसपट, जायला अठरा वर्षं घेतं. एवढ्या घाईने वाढणाऱ्या हाडा-सांध्यांत चूक व्हायला भरपूर वाव असतो. गॅलिलिओने १६३८ सालच्या पुस्तकात दाखवून दिलं होतं, की सर्व बाजू दुप्पट केल्या तर वजन आठपट होतं, पण हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ चौपटच. मोठ्या जातींत खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा विकार बराच आढळतो, तो पुष्कळसा आनुवंशिक असतो, आणि जास्त खाण्याने वाढतो.

इथेच आपल्याकडे एक चूक प्रेमापोटी होते. ‘मोठी जात आहे, हाडं भक्कम व्हायला हवीत,’ म्हणून पिल्लाला कॅल्शियमचं औषध पाजलं जातं. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही. ते शरीरात शिरतं आणि हाडांची वाढ वेडीवाकडी होते. समतोल आहार मिळत असेल तर पशुवैद्याने सांगितल्याशिवाय वरचं कॅल्शियम देऊ नये.

भरवण्याच्या हौसेबद्दल तर एक सुंदर प्रयोग आहे. ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या २४ जोड्या केल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं, तेही आयुष्यभर. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जास्त खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ११.२ वर्षं, कमी खाणाऱ्यांचं १३ वर्षं. सांधेदुखीही त्यांना उशिरा झाली.

मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांना आणखी एक धोका असतो. जठर वायूने फुगतं आणि त्याला पीळ बसतो. पोट टम्म दिसतं, कुत्रा ओकायचा प्रयत्न करतो पण काही पडत नाही. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर तो दगावतो. अशी शस्त्रक्रिया करणारा दवाखाना आपल्या गावापासून किती दूर आहे, हे आधीच पाहून ठेवलेलं बरं. दिवसाचं खाणं एकदाच न देता दोन-तीनदा विभागून द्यावं.

किती वर्षांची सोबत?

हत्ती उंदरापेक्षा जास्त जगतो. कुत्र्यांत मात्र उलटं आहे. लहान जाती १३-१५ वर्षं जगतात, ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्ड बहुधा ८ ते १०. २०१३ साली ७४ जातींच्या नोंदींवरून असं दिसलं, की मोठे कुत्रे लवकर म्हातारे होत नाहीत, तर एकदा सुरू झालेलं त्यांचं म्हातारपण वेगाने पुढे सरकतं. सरासरीने वजनात दर २ किलो वाढीमागे आयुष्य सुमारे एक महिन्याने घटतं. आपल्या दोन कुत्र्यांतला फरक ४८ किलो, म्हणजे सुमारे दोन वर्षं. दुसरीतल्या मुलासाठी आणलेलं पिल्लू तो आठवीत जाईपर्यंत म्हातारं झालेलं असेल. घरातल्या मुलांना हे आधी सांगायला हवं.

स्वभाव आणि ताकद

‘ही जात प्रेमळ, ती जात रागीट’ असं आपण सहज बोलतो. २०२२ साली अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं आणि दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुक पडताळून पाहिले, तेव्हा वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता आला. बाकी प्रत्येक कुत्रा वेगळा. वयाच्या तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात पिल्लू माणसं, मुलं, आवाज यांना सरावलं की नाही, याला फार महत्त्व आहे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, त्यामागचं एक कारण हेच.

पण स्वभाव कितीही गरीब असला तरी ६४ किलो म्हणजे ६४ किलोच. मांजर दिसल्यावर त्याने हिसका दिला तर पट्टा धरणारी ४५ किलोची मुलगी त्याला थांबवू शकणार नाही. आणि रेबीजची लस लहान-मोठ्या सर्वच कुत्र्यांना हवी. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावं.

मग काय पाळावं?

‘मोठा’ या शब्दात उंची आणि वजन अशा दोन गोष्टी दडलेल्या असतात. सोलापूर, सांगलीकडे आणि कर्नाटकात मुधोळला दिसणारा कारवान कुत्रा उंचीला ७० सेंटिमीटरपर्यंत भरतो, पण वजन २०-२८ किलोच. अंग सडपातळ, केस आखूड, पाय लांब. दख्खनच्या उन्हात शिकार करणारा हा कुत्रा. २००५ साली टपाल खात्याने त्याचं तिकीटही काढलं. पण तो धावण्यासाठी जन्मलेला आहे. त्याला दोन खोल्यांत कोंडणं हाही अन्यायच.

वर्गात मुलांकडून एक तक्ता करून घेता येईल. जातीचं पूर्ण वाढलेलं वजन किती? ती मूळ कुठल्या हवेतली? पिल्लाच्या आईवडिलांना पाहता येईल का, त्यांच्या खुब्याचे एक्स-रे काढलेत का? रोज किती फिरवावं लागेल, आणि कोण फिरवणार? ६४ किलोच्या कुत्र्याला साधारण एका प्रौढ माणसाइतक्या कॅलरी लागतात, तेवढा खर्च झेपेल का? महापालिकेचा परवाना, लसी, दवाखाना? दुपारी घरी कोण असतं? आणि दारातलंच गावठी पिल्लू आपण या तक्त्यात धरलं का?

मध्यंतरी त्या बाईंचं पत्र आलं. वर्गात बटाट्यांचा प्रयोग झाला. मुलीने तक्ता करून घरी वाचून दाखवला. वडील पिल्लू पाहायला गेले तेव्हा तीही बरोबर गेली आणि तिने आईवडील कुत्र्यांचे एक्स-रे मागितले. विकणाऱ्याकडे ते नव्हते, आईवडील कुत्रेही दाखवायला नव्हते. दोघं तसेच परत आले. आता वडील कारवानचं म्हणताहेत. आजीची ना नाही. मुलगीच म्हणते, ‘आपल्याकडे मैदान कुठंय? आधी रोज पहाटे त्याला कोण पळवणार ते सांगा.’